दारात बसलेले मास्तर

गेल्या शुक्रवारी ऑफिसात एक छोटीशी मीटिंग झाली. आमच्या टीममध्ये दीड वर्षापूर्वी आलेल्या एका मुलीनं प्रपोजल आणलं होतं. रिपोर्ट तयार करणारं आमचं जे जुनं मॉड्यूल आहे ते टाकून द्यायचं आणि नव्यानं लिहायचं. नुसतं बोलून थांबली नाही, डेमोसुद्धा करून आणला होता. जुन्याला जिथं चाळीस मिनिटं लागतात तिथं तिचा डेमो सहा मिनिटांत उरकला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण ते जुनं मॉड्यूल माझं. पाच वर्षांपूर्वी रात्री जागून मीच लिहिलेलं. मग मी बोललो. "रिस्क आहे", "क्लायंटला जुन्याची सवय झालीये", "नीट चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" वगैरे वगैरे. तुम्हीही कधी ना कधी हे बोलला असाल, नाहीतर ऐकलं तरी असेल. प्रपोजल बारगळलं. ती "ओके" म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि गेली.

आता याचा फ्लूटशी काय संबंध? सांगतो.

कॉलेजात असताना मी दोन वर्षं बासरी शिकायचा प्रयत्न केला होता. रूममेटच्या सहनशक्तीचा अंत झाला आणि माझी साधना संपली :) पण त्या वाद्याचं वेड राहिलं. हल्ली वीकेंडला पाश्चात्य फ्लूटबद्दल जे मिळेल ते वाचत असतो. शनिवारी सकाळी असाच वाचत वाचत पॅरिसच्या एका वर्गात जाऊन पोचलो आणि तिथं मला झाँ-लुई त्युलू नावाचे एक मास्तर भेटले. चहा गार झाला तरी लक्ष नव्हतं. कारण शुक्रवारच्या मीटिंगमध्ये जो माणूस बोलत होता, तो मी नसून हे त्युलूसाहेबच होते असं मला वाटायला लागलं.

तर आज त्यांचीच गोष्ट.

पॅरिसचं संगीत विद्यालय, म्हणजे कॉन्झर्वेत्वार, सुरू झालं १७९५ साली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत. संगीत शिकायचं तर चर्चमध्ये किंवा राजदरबाराच्या आश्रयानं, अशी तोवरची रीत. आता सरकारी खर्चानं, प्रवेश परीक्षा घेऊन, सगळ्या देशातून निवडलेली मुलं शिकवायची अशी कल्पना होती. इंजिनिअरिंगवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. फ्रान्सचं प्रसिद्ध इंजिनिअरिंग कॉलेज, एकोल पॉलिटेक्निक, आदल्याच वर्षी, १७९४ मध्ये निघालेलं. एकाच मुशीतून निघालेल्या या दोन संस्था.

फ्लूटचा वर्ग होता लहानसा. पुढं शंभरेक वर्षांनी पाहिलं तरी डझनभर विद्यार्थी, एवढीच संख्या. पण वर्षअखेरीच्या परीक्षेला मान मोठा. तिला म्हणायचे 'कॉन्कूर', म्हणजे स्पर्धाच. सगळ्यांना वाजवायला एकच रचना, शिवाय ऐन वेळी समोर ठेवलेलं एक न पाहिलेलं पान, आणि पुढ्यात परीक्षक. पहिलं पारितोषिक मिळालं की तुम्ही सुटलात, शिक्षण पूर्ण. नाही मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा. पहिल्या पारितोषिकाचा शिक्का असला की पॅरिसच्या ऑर्केस्ट्रांची दारं उघडायची. म्हणजे देशातला उत्तम फ्लूटवादक कोण, हे बऱ्याच अंशी या एका खोलीत ठरायचं. आणि त्या खोलीच्या दारात बसलेले असायचे एकच मास्तर.

त्युलू याच वर्गाचे विद्यार्थी. जन्म १७८६ चा. १८०१ साली, पंधराव्या वर्षी त्यांनी पहिलं पारितोषिक मिळवलं. पुढं पॅरिसच्या ऑपेरात वाजवलं, नाव कमावलं आणि १८२९ मध्ये त्याच वर्गाचे प्रोफेसर झाले. ते तिथं तीस वर्षं राहिले. वादक म्हणून माणूस अस्सल होता याबद्दल कुणाचंच दुमत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्यांचा राग यायला लागेल.

आता थोडं टेक्निकल. त्या काळची फ्लूट लाकडी, आणि आतून टोकाकडे निमुळती होत जाणारी. तिला बोटांची सहा भोकं. ही भोकं कुठं पाडायची? तर जिथं बोट पोचतं तिथं. आणि केवढी? तर बोटाखाली झाकतील एवढी. सुराच्या हिशेबानं भोक जिथं हवं आणि जेवढं हवं, तिथं आणि तेवढं ते नसायचं. त्यामुळं एक पट्टी सुरेख वाजायची आणि बाकीचे सूर काढायला बोटांची वेडीवाकडी आसनं करावी लागायची. वरचं भोक उघडं, खालची बंद, असं काहीतरी. असे सूर दबके आणि झाकोळलेले यायचे. मग कारागिरांनी काय केलं? चाव्या बसवल्या, म्हणजे बोटानं दाबायच्या झडपा. अठराव्या शतकात एक चावी, मग चार, मग आठ. पॅचवर पॅच. आपल्याला सवयीचा प्रकार.

म्युनिकमध्ये थिओबाल्ड बोम नावाचा एक माणूस होता. बाप सोनार, पोरगाही सोनारकाम शिकलेला आणि दरबारी ऑर्केस्ट्रात फ्लूट वाजवणारा. म्हणजे वाजवणाराही तोच आणि बनवणाराही तोच. १८३१ साली तो लंडनला गेला असताना त्यानं चार्ल्स निकल्सन या वादकाला ऐकलं. निकल्सनच्या फ्लूटला मोठी भोकं होती आणि तिचा आवाज दणदणीत. बोमला कळून चुकलं की आपण कितीही सराव केला तरी आपल्या वाद्यातून हा आवाज निघणार नाही. दोष वाद्याच्या रचनेतच होता.

परत येऊन त्यानं १८३२ मध्ये नवीन मॉडेल काढलं. पुढं त्याचं समाधान होईना म्हणून म्युनिकच्या प्राध्यापक शाफहॉइटल यांच्याकडे ध्वनिशास्त्र शिकला आणि १८४७ मध्ये सगळंच पुन्हा नव्यानं मांडलं. नळी सरळ आणि धातूची. फक्त तोंडाकडचा भाग किंचित निमुळता. भोकं विज्ञान सांगेल तिथं आणि शक्य तेवढी मोठी. मग बोटं पोचणार कशी? त्यासाठी दांड्या, झडपा आणि कड्यांची यंत्रणा. म्हणजे आधी सूर कुठं हवा ते ठरवायचं आणि मग माणसाचा हात तिथवर कसा पोचवायचा ते बघायचं. आधीची सगळी फ्लूट याच्या बरोब्बर उलटी बनायची. आज जगातल्या कुठल्याही सिंफनी ऑर्केस्ट्रात जी फ्लूट दिसते ती मुळात ही १८४७ चीच. पावणेदोनशे वर्षं झाली, आर्किटेक्चर तेच आहे. आपलं सॉफ्टवेअर पावणेदोन वर्षं टिकलं तरी आपण पेढे वाटतो.

पण एक अडचण होती. बोमच्या फ्लूटवर बोटांची ठेवण बदलायची. लहानपणापासून घोटलेलं पुसून नव्यानं शिकायचं.

१८३७ च्या सुमारास बोमचं १८३२ चं मॉडेल पॅरिसमध्ये पोचलं. काही तरुण वादकांनी ते उचललं. त्यातले एक व्हिक्टर कॉश. हे कॉन्झर्वेत्वारमध्येच त्युलूंच्या हाताखाली शिकवायचे. १८३८ मध्ये कॉशनी जुन्या आणि नव्या फ्लूटची तुलना करणारं पुस्तक लिहिलं आणि ही फ्लूट विद्यालयात शिकवायला परवानगी द्या अशी मागणी केली. रीतसर समिती बसली. १८३९-४० मध्ये दोन्ही फ्लूट वाजवून दाखवल्या गेल्या, बाजू मांडल्या गेल्या. आणि निकाल लागला: नवी फ्लूट नको.

त्युलू विरोधात होते. त्यांचं म्हणणं असं की या यंत्रानं फ्लूटचा फ्लूटपणा जातो. तो हळवा, थोडासा कातर आवाज जातो. शिवाय जुन्या फ्लूटवर एकच सूर दोनतीन तऱ्हेच्या बोटांनी काढता येतो, त्यामुळं जागेनुसार सूर किंचित चढा किंवा उतरता घेता येतो. ती नजाकत गेली की उरलं काय?

खरं सांगायचं तर हा मुद्दा खोटा नाही. मी दोन्ही प्रकारच्या फ्लूटची रेकॉर्डिंग ऐकली. जुन्या लाकडी फ्लूटच्या सुरांत प्रत्येकाचा स्वभाव वेगळा लागतो, एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखा. बोमची फ्लूट म्हणजे नवी सोसायटी, सगळे फ्लॅट सारखे. आयर्लंडच्या लोकसंगीतात आजही जुन्या धाटणीची लाकडी फ्लूटच वाजते. जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवणारे लोक तर ती मुद्दाम बनवून घेतात. आणि खुद्द बोमच्या जर्मनीतही ही फ्लूट फ्रान्स-इंग्लंडच्या मागाहूनच रुळली. तेव्हा त्युलू मूर्ख नव्हते.

मग चुकलं कुठं?

तर त्युलूंची फ्लूट बनवायच्या धंद्यात भागीदारी होती. झाक नोनाँ या कारागिराबरोबर. जुन्याच पद्धतीची, सुधारून घेतलेली फ्लूट ते विकायचे. त्युलू ज्या वर्गाचे प्रोफेसर, तिथले विद्यार्थी म्हणजे दाराशी आलेलं गिऱ्हाईक. शिकवायचं पुस्तकही त्यांचंच. परीक्षेला बहुतेक वर्षं रचनाही त्यांच्याच. नवी फ्लूट आली असती तर वाद्य, पुस्तक, रचना आणि पन्नाशी ओलांडलेल्या बोटांची सवय, सगळं एका झटक्यात जुनं झालं असतं. त्यांच्या कानाला जे खरंच वाटत होतं आणि त्यांच्या खिशाला जे सोयीचं होतं, ते दोन्ही एकच निघालं. असं झालं की माणसाला स्वतःची नियत तपासायची वेळच येत नाही. आपण कलेसाठी भांडतोय असं त्याला मनापासून वाटत राहतं.

कॉशही काही संत नव्हते म्हणा. बोमनं ही कल्पना गॉर्डन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याची चोरली, असा वाद पेटवण्यात त्यांचा हात होता. नव्या फ्लूटवर आपलाही शिक्का बसावा ही इच्छा उघड होती. चांगल्या कल्पनेचा वकील असा असला की विरोधकांचं काम निम्मं होतं.

असो. निकाल लागला आणि पुढची वीस वर्षं फ्रान्समधली निवडक मुलं सरकारी खर्चानं जुनं वाद्य शिकत राहिली. बाहेर जग बदलत होतं. १८४७ च्या फ्लूटचे फ्रान्समधले हक्क पॅरिसच्याच गोदफ्रुआ आणि लो यांच्या कारखान्यानं घेतले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात बोमला मोठी पदकं मिळाली. म्हणजे ज्या शहरात ही फ्लूट बनत होती आणि पदकं जिंकत होती, त्याच शहराच्या विद्यालयात ती वर्ज्य! वर्गात एक वाद्य शिकायचं आणि बाहेर दुसरं वाजताना ऐकायचं. कॉलेजात कालबाह्य कंपायलरवर प्रॅक्टिकल केलेल्या मंडळींना यातलं दुःख समजेल.

या वीस वर्षांत एका माणसानं शांतपणे काम केलं. त्याचं नाव लुई दोर्यूस. तोही याच वर्गाचा, १८२८ चं पहिलं पारितोषिक मिळवलेला. समितीसमोर हरल्यावर त्यानं पत्रकं काढली नाहीत. ऑपेरात आणि मैफलींत तो बोमची फ्लूट वाजवत राहिला, खासगी शिष्य तयार करत राहिला. आणि एक छोटीशी गोष्ट केली जी मला फार आवडली. बोमच्या यंत्रणेत 'सोल'च्या तीव्र सुराची चावी जुन्याच्या उलट चालायची, आणि सगळ्यांची बोटं तिथंच अडायची. दोर्यूसनं अशी चावी काढली की यंत्रणा नवी राहील पण त्या जागी बोट जुन्या सवयीनंच चालेल. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी! नव्याकडे यायला लोक घाबरतात ते बहुतेक वेळा नव्या तत्त्वाला नाही, तर एका करंगळीच्या सवयीला. हे त्याला कळलं होतं.

१८५९ च्या अखेरीस त्युलू निवृत्त झाले. १८६० मध्ये दोर्यूस प्रोफेसर झाला आणि त्याच वर्षी बोमची फ्लूट विद्यालयाचं अधिकृत वाद्य झाली. नवा पुरावा आला नव्हता, नवा वादही झाला नाही. दारातला माणूस बदलला, एवढंच. त्याच १८६० च्या उन्हाळ्यात दोर्यूसच्या एका शिष्यानं पहिलं पारितोषिक जिंकलं. बोर्दोचा मुलगा, वय पंधरा. नाव पॉल ताफानेल.

आता इथून गोष्ट मजेदार होते, कारण दार तेच आणि अधिकारही तेच, पण वापर वेगळा.

मधल्या काळात आंरी अल्तेस यांनी वर्ग सांभाळला आणि १८९३ मध्ये ताफानेल प्रोफेसर झाले. तेही स्वतःच्या रचना परीक्षेला लावू शकले असते. पण त्यांच्या वर्गासाठी त्या काळच्या संगीतकारांकडून दरसाल नवी रचना लिहून घेतली जाऊ लागली. १८९८ मध्ये गाब्रिएल फोरे, १९०२ मध्ये सेसील शामिनाद, १९०४ मध्ये जॉर्ज एनेस्कू, १९०६ मध्ये फिलिप गोबेर. गोबेर तर ताफानेल यांचाच विद्यार्थी. एरवी परीक्षेची रचना म्हणजे आपल्याकडच्या गाइडासारखी. पास झालं की रद्दीत. या रचना मात्र आजही जगभर मैफलींत वाजतात. ही परंपरा पुढंही टिकली: १९४३ मध्ये द्युतिय्यूची सोनातीन, १९४४ मध्ये जोलिव्हेची 'शाँ द लिनोस'. डझनभर पोरांच्या वार्षिक परीक्षेतून विसाव्या शतकातलं फ्लूटचं निम्मं भांडार उभं राहिलं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

वर्गाची रीतही बघण्यासारखी. सगळे एकत्र बसायचे. एक जण वाजवायचा, मास्तर दुरुस्त करायचे, बाकीचे ऐकायचे. म्हणजे स्वतःच्या चुकीबरोबर दुसऱ्या अकरा जणांच्या चुकाही शिकायच्या. रोज सुरावटी, मग अभ्यासाचे तुकडे, मग रचना. ताफानेल यांनी या रोजच्या रियाजाचं पुस्तक लिहायला घेतलं होतं. ते १९०८ मध्ये गेले आणि गोबेरनं ते पुरं करून १९२३ मध्ये छापलं. आजही प्रगत विद्यार्थ्यांच्या स्टँडवर ते सापडतं.

आणि विद्यार्थी कसले! २२ डिसेंबर १८९४ ला पॅरिसमध्ये दब्युसीच्या 'फॉन'वरच्या त्या प्रसिद्ध रचनेचा पहिला प्रयोग झाला. तिची सुरुवात एकट्या फ्लूटनं होते, सोबतीला कुणीच नाही. त्या रात्री ती फ्लूट वाजवणारा जॉर्ज बारेर होता अठरा वर्षांचा, ताफानेल यांच्या वर्गातला. पहिलं पारितोषिक त्याला मिळायचं होतं, ते पुढच्या वर्षी. गंमत म्हणजे दब्युसीनं सुरुवातीला जो सूर निवडला तो बोमच्या फ्लूटवरचा सगळ्यात बेभरवशाचा, फिकट सूर. त्या एका ठिकाणी बोमलाही तडजोड करावी लागली होती. म्हणजे त्युलू ज्या कातर आवाजासाठी भांडले तो नव्या वाद्याच्या एका कोपऱ्यात शिल्लक होताच. तो ओळखणारा संगीतकार यावा लागला.

बारेर १९०५ मध्ये न्यूयॉर्कला गेला. तिथं त्यानं शिकवलेला विल्यम किंकेड पुढं फिलाडेल्फियाच्या ऑर्केस्ट्रात गेला आणि अमेरिकेतल्या वादकांच्या पिढ्या त्यानं घडवल्या. बारेरनं प्लॅटिनमची फ्लूट घेतली तेव्हा एडगार व्हारेझनं १९३६ मध्ये तिच्यासाठी जी रचना केली तिचं नाव 'डेन्सिटी २१.५', म्हणजे प्लॅटिनमची घनता. इंजिनिअर माणसाला हे नाव ऐकूनच बरं वाटतं. इकडे १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, जर्मनीतली सक्तीची मजुरी चुकवून पॅरिसमध्ये आलेला मार्सेयचा एक मेडिकलचा विद्यार्थी या वर्गात शिरला आणि काही महिन्यांत पहिलं पारितोषिक घेऊन बाहेर पडला. तो झाँ-पिएर रांपाल.

आपल्याकडे काय झालं? साधारण याच सुमारास पन्नालाल घोष यांनी बासरी बदलली. छोट्या बासरीवर ख्यालाचा विस्तार होईना, म्हणून त्यांनी सुमारे ३२ इंचांची लांब बासरी घडवली. १९४० नंतर ते मुंबईत होते. तिथं समिती नव्हती, परीक्षा नव्हती, नकार देणारं कुणी नव्हतं. त्यांनी वाजवली, लोकांनी ऐकली, शिष्यांनी उचलली. पण दरसाल डझनभर तयार वादक घडवून जगभर पाठवणारं दारही नव्हतं. दार नसलं की अडवणूक होत नाही, हे खरं. पण दार असलं आणि त्यात नीट माणूस बसला तर काय होऊ शकतं, ते ताफानेलनी दाखवलं.

मला वाटतं त्युलूंची चूक जुनी फ्लूट आवडण्यात नव्हती. ती वाजवणारा, शिकवणारा, बनवणारा, विकणारा आणि निकालात वजन टाकणारा एकच माणूस होता, तिथं घोटाळा होता. त्यांनी एवढंच म्हटलं असतं की "मला यातलं मत विचारा, पण निर्णय मला देऊ नका", तर वीस वर्षं वाचली असती.

ते मॉड्यूल नव्यानं लिहावं की नाही, मला खरंच माहीत नाही. त्यात काही जुन्या क्लायंटचे असे बारकावे आहेत जे तिच्या डेमोत नव्हते. शुक्रवारी मी ते सांगितलेही नाहीत. नुसतं "रिस्क" म्हणालो. आज दुपारी बसून त्या बारकाव्यांची यादी केली. सतरा निघाले. उद्या सकाळी ती यादी तिच्या हातात देणार आहे, आणि मॅनेजरला सांगणार आहे की डेमो पुन्हा बघा, फक्त या वेळी निर्णयाला मी नको.

सतरातले चारपाच बहुतेक माझ्या करंगळीच्या सवयीच असतील. ते तीच सांगेल.